ऊन बुधावर, उकाडा शुक्रावर

डिसेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून बसलो होतो. शेवटच्या फेरीत दोन संघ बरोबरीत आले आणि ढाल एका प्रश्नावर येऊन अडकली. सूर्यमालेतला सर्वांत उष्ण ग्रह कोणता? प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आतच सातवीतल्या एका मुलीने घंटी दाबली आणि ठासून सांगितलं, "बुध." चूक. दुसऱ्या बाजूच्या मुलाने "शुक्र" म्हटलं, टाळ्या झाल्या, ढाल त्यांच्याकडे गेली. नंतर व्हरांड्यात चहा चालू असताना ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, बुध सूर्याच्या जास्त जवळ आहे ना? मग शुक्र कसा?" मी कप खाली ठेवतोय तोवर तिच्या बाईच बोलल्या, "अगं, पुस्तकात शुक्रच दिलंय. चल, बस थांबलीय." बस गेली. तिला जे सांगायचं होतं ते माझ्या तोंडात तसंच राहिलं, आणि बरेच दिवस उगीच सलत होतं. ढाल गेल्याचं फारसं काही नाही. पण "बुध" या उत्तरामागे विचार होता आणि "शुक्र" या उत्तरामागे बहुतेक पाठांतर, आणि गुण मात्र पाठांतराला मिळाले.

तिचं गणित तसं बरोबरच आहे. सूर्यापासून बुध ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर, शुक्र १० कोटी ८० लाखांवर. प्रकाश पसरत जातो, म्हणून अंतर दुप्पट झालं की ऊन पाव होतं. या हिशेबाने बुधाच्या वाट्याला शुक्राच्या साडेतीनपट ऊन येतं. आपल्यापेक्षा तर साडेसहापटींहून जास्त. त्यामुळे भर दुपारी बुधाचा पृष्ठभाग ४३० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. इथपर्यंत मुलगी जिंकते.

मग रात्र होते.

बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले १७६ दिवस जातात. म्हणजे जवळजवळ तीन महिने रात्र. त्या रात्रीत पारा उणे १८० पर्यंत उतरतो, कारण उष्णता धरून ठेवायला वर हवा अशी नाहीच. दिवसभर मिळालेलं सगळं अंधार पडला की आकाशात निघून जातं. ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांत तर ऊन कधीच शिरत नाही, आणि तिथे बर्फ आहे. रडारला त्याची चाहूल १९९१ मध्येच लागली होती, पुढे 'मेसेंजर' यानाने ते पक्कं केलं. सूर्याला सगळ्यांत चिकटून असलेल्या ग्रहावर बर्फ! आणि या सगळ्याची सरासरी काढली की १६७ अंशांच्या आसपास काहीतरी आकडा येतो. हा आकडा मला नेहमी थोडा लबाड वाटतो. पणजीची वर्षाची सरासरी २७ च्या आसपास आहे, आणि ते २७ आपण खरोखर अंगावर वागवतो. सकाळी साडेसातला बाजारात नारळ निवडताना जे काही असतं ते साधारण तेच. शेजारी समुद्र आहे, तो दिवसा फार चढू देत नाही आणि रात्री फार उतरू देत नाही. बुधावरचे ते १६७ मात्र तसे कुठेच मुक्कामाला नसतात. चढता-उतरताना वाटेत लागतात तेवढेच.

गोव्यात डिचोलीला माझ्या मावशीचं घर होतं. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, माळ्यावर नारळ आणि सुकी लाकडं, खाली शेणाने सारवलेली जमीन. मे महिन्यात दुपारी जेवून त्या जमिनीवर नुसतं आडवं झालं की पाठीला गारवा लागायचा आणि कौलांच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवर सरकताना बघत झोप लागायची. मावसभावाने ते पाडून त्याच जोत्यावर स्लॅबचं घर बांधलं. आता तिथे रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती दुपारचं ऊन परत करत असते. जागा तीच, सूर्य तोच, माडसुद्धा तेच. मी एकदा हे त्याला बोलून दाखवलं तर म्हणाला, "तू जुलैत चार बादल्या मांडून राहिला असतास म्हणजे कळलं असतं." त्याचंही खरं आहे. मावशी मात्र शेवटपर्यंत मागच्या पडवीतच झोपली. पडवीवर कौलं राहिली होती.

चंद्र आणि पृथ्वी म्हणजे एकाच आवारातली अशी दोन घरं. सूर्यापासून दोघांचं अंतर एकच म्हणायला हरकत नाही. तरी चंद्राच्या विषुववृत्तावर दुपारी १२० अंश आणि रात्री उणे १३० च्याही खाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला, तेव्हा त्याच्याकडे मातीत खुपसायची एक तापमापक सळी होती. तिने पाठवलेला आलेख इस्रोने चारच दिवसांत जाहीर केला आणि मी तो मोबाइलवर बोटांनी मोठा करकरून पाहिला. वर पृष्ठभागावर पन्नास अंशांच्या पुढे, आणि आठ सेंटिमीटर खाली उणे १०. माझी वीत भरते त्याहून कमी अंतरात साठ अंशांची उतरण. चंद्राची माती इतकी भुसभुशीत आणि कोरडी की उष्णता खाली झिरपतच नाही, आणि वर हवा नाही म्हणून थांबतही नाही. आपल्याकडे त्याच उन्हात सरासरी १५ अंश.

हे १५ सुद्धा फुकटचे नाहीत. पृथ्वी जेवढं ऊन शोषते तेवढंच उत्सर्जित करते, असा सरळ हिशेब मांडला तर उत्तर उणे १८ येतं. मधले ३३ अंश हवेचे आहेत, आणि त्यातही मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा. हे शिकायला गोव्यासारखी जागा नाही. मेचा शेवटचा आठवडा आठवा. ढग आलेत, पाऊस नाही, वाऱ्याचं नाव नाही, पंख्याखाली उशी ओली होते. घाम वाळत नाही हे एक कारण झालंच. पण दुसरं असं, की जमिनीने रात्री वर सोडलेली उष्णता ती वाफ आणि ते ढग अर्ध्या वाटेत पकडतात आणि त्यातली बरीचशी पुन्हा आपल्याच डोक्यावर सोडतात. याउलट जानेवारीत सत्तरी तालुक्यात रात्र काढा. आकाश लख्ख, हवा कोरडी, पहाटे हातपाय आखडतात आणि अंगणात ठेवलेल्या कळशीला हात लावावासा वाटत नाही. दिवसाच्या उन्हात तर दोन्हीकडे एवढा फरक नसतो. आंब्याला हे आपल्याआधी कळतं. थंड रात्री मिळाल्या नाहीत की मानकुराद मोहोराचं नावच काढत नाही, आणि मग एप्रिलात डझनाचा भाव ऐकून लोक सरकारला शिव्या घालतात.

हा वाफेचा आणि वायूंचा उद्योग माणसाच्या लक्षात आला एकोणिसाव्या शतकात. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. अशा वायूची हवा असेल तर पृथ्वी जास्त तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. तीनेक वर्षांनी जॉन टिंडलने जास्त काटेकोर उपकरणांनी तेच वेगळ्या वाटेने दाखवलं, आणि नाव दीडशे वर्षं एकट्या टिंडलचं राहिलं. असो. ही एक वेगळीच प्रश्नमंजूषा.

आता शुक्र. पणजीत मिरामारला संध्याकाळी भेळ खात उभं असलं की पश्चिमेला समुद्रावर तो इतका झगझगीत दिसतो की कोणीतरी हमखास विचारतं, "ते विमान आहे का?" पूर्वी जुंता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेत रांगेत उभं राहून मी तो दुर्बिणीतून पाहिला होता. इवलीशी चंद्रकोर, पांढरीफेक, तिच्यावर डाग नाही, रेघ नाही, काही नाही. जिना उतरताना माझी निराशाच झाली होती. पण सगळी मेख त्या पांढरेपणातच आहे. शुक्रावर गंधकाम्लाच्या ढगांचा अखंड थर आहे आणि त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं जवळजवळ तीन चतुर्थांश तो बाहेरच्या बाहेर परत पाठवतो. म्हणून तर तो एवढा चमकतो. हिशेब केला तर शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी ऊन शोषतो. सूर्याच्या जवळ असूनही! हवा विसरून नुसती जमाखर्चाची वही मांडली तर शुक्राचं तापमान उणे ४० च्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात ते ४६४ आहे. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं.

हे कळायला वेळ लागला. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित १८९६ मध्ये पहिल्यांदा मांडणारा स्वांते अऱ्हेनियस, त्यानेच १९१८ मध्ये शुक्राचं वर्णन केलं ते ओल्याचिंब, दलदलींनी भरलेल्या, हिरवळ माजलेल्या जगाचं. ढग दिसतायत म्हणजे पाऊस असणार, आणि सूर्य जवळ म्हणजे ऊब असणार. वाचताना मला तो थेट आपला आषाढ वाटतो. फक्त शेवाळावर घसरून पडणारे पाहुणे तेवढे नाहीत. १९५६ मध्ये शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या तर त्या एखाद्या भट्टीतून याव्यात तशा निघाल्या. पुष्कळांना पटेना. ही उष्णता वरच्या थरांतली असेल, जमिनीवर ठीक असेल, असं म्हणायलाही वाव होता. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ यान जवळून गेलं आणि त्याने तो वाव संपवला. १९७० मध्ये व्हेनेरा-७ यान प्रत्यक्ष उतरलं आणि तेवीस मिनिटं क्षीण आवाजात बोलत राहिलं. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ ने १२७ मिनिटं तग धरली, रंगीत छायाचित्रं पाठवली आणि मग गप्प झालं. त्या छायाचित्रांत चपटे, पापुद्रे सुटलेले दगड आहेत आणि उजेड नारिंगी आहे. हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपट, म्हणजे आपल्या समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यासारखा. आणि त्या हवेत ९६ टक्क्यांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. थोडंफार ऊन ढगांतून झिरपून खाली पोचतं; पण त्याची उष्णता झाली की तिला वर जायला वाट सापडत नाही. शिवाय ती दाट हवा उष्णता सगळीकडे इतकी सारखी वाटते की दिवस, रात्र, ध्रुव, विषुववृत्त, कुठेही जा, फरक जवळजवळ नाहीच. सरासरी या आकड्याशी इतका प्रामाणिक राहणारा खडकाळ ग्रह दुसरा नाही.

एवढा कार्बन शुक्राकडेच कुठून आला? खरी गंमत ही, की तो आपल्याकडेही जवळपास तेवढाच आहे.

पणजीच्या फोंताइन्हासमध्ये किंवा सालसेत तालुक्यातल्या जुन्या घरांत काही खिडक्यांना काच नसते. लाकडाच्या बारीक चौकटींत चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. आतून पाहिलं तर दुपारचं ऊन दुधी होऊन येतं, डोळ्यांना त्रास न देणारं. जवळ गेलं की शिंपल्याच्या वाढीच्या रेषा दिसतात, कुठे कुठे कड टवका उडून पापुद्र्यासारखी सुटलेली असते. हे शिंपले चिखलीच्या खाडीत अजून मिळतात. आता हा तुकडा म्हणजे काय? कॅल्शियम कार्बोनेट. शंभर ग्रॅम शिंपल्यात ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. कधीतरी तो हवेत होता, पावसात विरघळला, दगड झिजवत नदीतून समुद्रात आला आणि एका किड्यासारख्या जिवाने त्याचं घर बांधलं. पूर्वी शिंपले भाजून चुना काढत, तेव्हा भट्टीतून तो पुन्हा हवेत जायचा. आणि त्याच चुन्याचा गिलावा भिंतीवर सुकताना त्यातला बराचसा परत ओढून घ्यायचा. पृथ्वीवरच्या सगळ्या चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड असा बाहेर काढला तर आपली हवाही शुक्रासारखीच जड होईल. ते होत नाही कारण आपल्याकडे समुद्र टिकला. शुक्र सूर्याच्या थोडा जास्त जवळ. त्याचं पाणी वाफ होऊन वर गेलं, वाफेने उष्णता आणखी अडवली, आणखी वाफ झाली. वरच्या थरांत सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे तुकडे केले आणि हलका हायड्रोजन निसटून गेला. जड हायड्रोजन मागे राहिला. १९७८ मध्ये पोचलेल्या पायोनियर व्हीनसने मोजला तेव्हा त्याचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून जास्त निघालं. गेलेल्या पाण्याची ही पावतीच. म्हणजे अंतराचा संबंध आहेच. पण तो मुलीला वाटतो तसा सरळ रेषेत नाही. अंतराने सुरुवात ठरवली आणि पुढचं सगळं पाण्याने केलं.

मंगळाची कथा उलट्या बाजूने तीच, आणि ती मला जास्त उदास करते. त्याच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. टक्केवारी पाहून कोणीही म्हणेल, हा दुसरा शुक्र. पण हवाच एवढी विरळ की दाब आपल्या एका टक्क्याहूनही कमी. तिने अडवून अडवून अडवायचं किती? विषुववृत्तावर दुपारी कधी २० अंश, म्हणजे सत्तरीतला जानेवारी, आणि त्याच रात्री उणे सत्तर. सरासरी उणे ६० च्या थोडी खाली. मंगळ लहान, म्हणून आतून लवकर निवला, चुंबकीय कवच गेलं, आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने त्याची हवा हळूहळू खरवडून नेली. नद्यांची कोरडी पात्रं अजून आहेत.

त्यापलीकडचे ग्रह उन्हाच्या हिशेबात फारसे बसतच नाहीत. गुरू सूर्याकडून घेतो त्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर टाकतो. जन्माच्या वेळी आकसताना साठलेली ती अजून संपलेली नाही. मला यातला आवडता किस्सा युरेनस आणि नेपच्यूनचा. नेपच्यून युरेनसच्या दीडपट लांब, त्याला ऊन निम्म्याहूनही कमी. तरी बाहेरून मोजलं तर दोघांचं तापमान जवळजवळ एकच येतं, आणि सगळ्या ग्रहांच्या हवेतली सर्वांत थंड नोंद, उणे २२४, लांबच्या नेपच्यूनच्या नावावर नसून युरेनसच्या नावावर आहे. नेपच्यूनच्या पोटात अजून धग आहे, तो घेतो त्याच्या अडीचपट सोडतो. युरेनसकडे आतून येणारं जवळजवळ काहीच नाही. तो कुशीवर लोळत सूर्याभोवती फिरतो. कोवळ्या वयात काहीतरी मोठं येऊन आदळलं, त्यात आडवाही झाला आणि पोटातली उष्णताही गमावून बसला, असा एक तर्क आहे. पक्कं कोणाला माहीत नाही. व्हॉएजर-२ १९८६ मध्ये त्याच्या बाजूने गेलं, त्यानंतर तिथे कोणी फिरकलेलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असल्यामुळे हल्ली एका प्रकारच्या बातमीवर माझा फार राग आहे. अमुक ताऱ्याभोवती 'वसतीयोग्य पट्ट्यात' पृथ्वीसारखा ग्रह सापडला, तापमान सुखद असण्याची शक्यता. ते सुखद तापमान बहुतेक वेळा नुसत्या अंतरावरून काढलेलं असतं. त्याच कोष्टकात आपला शुक्र घातला तर तोही राहण्यासारखा निघेल. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवती सात ग्रह आहेत असं २०१७ मध्ये जाहीर झालं, तेव्हा कलाकारांनी काढलेली निळ्या समुद्रांची चित्रं सगळीकडे फिरली होती. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्यातल्या सगळ्यांत आतल्या ग्रहाची उष्णता खरोखर मोजली. ताऱ्याकडे तोंड केलेली बाजू २३० अंशांच्या आसपास निघाली. हवा असती आणि तिने ही उष्णता मागच्या अंधाऱ्या बाजूला वाटली असती, तर हा आकडा शंभरेक अंशांनी कमी आला असता. म्हणजे हवा नसावी. तापमानावरून हवा ओळखायची, हा उलटा प्रवास मला भारी आवडला. पट्ट्याच्या मधोमध बसलेल्या चौथ्या ग्रहावर त्याच दुर्बिणीची नजर आहे, पण तिथे हवा आहे की नाही हे सांगणं त्याहून अवघड, कारण तो थंड आणि त्याचा तारा डागाळलेला. तोवर पेपरात 'दुसरी पृथ्वी' असा मथळा आला की मी आधी हवेबद्दल एक तरी ओळ आहे का बघतो. नसली तर सरळ पान उलटून मानकुरादचा भाव वाचतो.